तळघरातल्या मावशींची सूची

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्षाला वीस-पंचवीस शैक्षणिक भेटी होतात. कॉलेजची बस दारात थांबते, चाळीस मुलं उतरतात आणि त्यातली दहा आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. मी नोंदवहीत सह्या घेतो आणि पिशव्या खणांत ठेवायला लावतो. मग ग्रंथपाल त्यांना वाचन कक्ष, संगणक विभाग, दुर्मिळ पुस्तकांचं काचेचं कपाट दाखवत फिरवतात. शेवटी पायऱ्यांवर फोटो. आठवड्याभरानं कॉलेजचं आभाराचं पत्र येतं आणि त्यात 'भेट अत्यंत उपयुक्त ठरली' हे वाक्य असतंच. ते पत्र फायलीला लावायचं कामही माझंच.

त्यातली एक भेट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ती जिच्यामुळे लक्षात राहिली त्या बाईबद्दल मला सांगायचंय. थोडं माझ्याबद्दलही, कारण त्या दिवशी मी तिथेच उभा होतो.

त्यांना सगळे मावशी म्हणायचे. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठ्या, पण मीही मावशीच म्हणायचो. त्यांचे यजमान आमच्याकडे पुस्तकं बांधायचे. कुठलासा ताप आला आणि चार दिवसांत माणूस गेला. पदरी चार वर्षांची मुलगी. विद्यापीठानं त्यांच्या जागी मावशींना सेविका म्हणून घेतलं आणि तळघरात पाठवलं, कारण तळघरात जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिथं जुन्या मासिकांचे आणि साप्ताहिकांचे बांधलेले खंड आहेत, दीडशे वर्षांचे. छत इतकं खाली की उंच माणसानं मान वाकवूनच चालावं. डांबराच्या गोळ्यांचा वास कपड्यांना लागतो तो घरापर्यंत सोबत येतो. मावशींची मुलगी लहानपणी म्हणायची, "आई, तुला कपाटासारखा वास येतो." हे मावशींनीच मला हसत सांगितलं होतं.

मावशी बारावी शिकलेल्या. पुढं शिकायची फार हौस होती, पण लग्न झालं, आणि मग हे असं. काम काय, तर वरून मागणीची चिठ्ठी आली की खंड काढून द्यायचा, परत आला की जागेवर ठेवायचा, मधल्या वेळात धूळ झटकायची. दिवसाला पाच-सात चिठ्ठ्या. बाकीचा वेळ मोकळा. त्यांच्या आधीचा सेवक त्या वेळात झोपा काढायचा. मावशी वाचत बसायच्या.

मावशींना बायकांच्या जुन्या लेखांची सूची करायचं खूळ कसं लागलं ते मला माहीत आहे, कारण जिच्यामुळे ते लागलं ती म्हातारी आधी माझ्याच काउंटरवर आली होती. निवृत्त परिचारिका, हातात काठी. तिच्या आईनं लग्नाआधी कुठल्याशा मासिकात एक पत्र लिहिलं होतं, मुलींनी शाळेत जावं म्हणून. मासिकाचं नाव आठवत नाही, साल आठवत नाही. मी म्हटलं, "आजी, असं कसं सापडणार? निदान साल तरी सांगा." म्हातारी जायला निघाली तर मावशी जिन्यात उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, "पत्ता देऊन जा. बघते."

तीन आठवडे लागले. तीन आठवडे ही बाई एकेक खंड काढून पान न् पान उलटत होती. सापडलं. सव्वा पानाचं पत्र, खाली नुसतंच 'एक मुलगी'. पण वाड्या-गल्लीचा पत्ता दिला होता, त्यावरून म्हातारीनं ओळखलं. ती ते उभ्यानंच वाचत होती. मी खुर्ची दिली तरी बसली नाही.

त्यानंतर मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, या तळघरात अशा किती बायका असतील हो? कुणी नुसतं 'एक भगिनी' लिहिलंय, कुणी 'अमक्याची आई'. कोण होत्या, काय लिहिलं, कुठं लिहून ठेवलेलंच नाही."

मी म्हटलं, "असतील खूप."

"मग लिहायला नको?"

मला वाटलं, चार दिवसांचं वेड. त्याच सुमारास ग्रंथालयात संगणक आले आणि जुनी कार्डांची लाकडी कपाटं भंगारात निघाली. एका बाजूला टाइप केलेली लाखभर कार्डं, मागची बाजू कोरी. मावशींनी ग्रंथपालांना विचारून त्यातली बेचाळीस खणांची दोन कपाटं तळघरात उतरवून घेतली. तेव्हाचे ग्रंथपाल भला माणूस. म्हणाले, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल."

आणि त्या कोऱ्या पाठींवर त्यांनी लिहायला सुरुवात केली. एका लेखाला एक कार्ड. वर नाव किंवा टोपणनाव, मग लेखाचं शीर्षक, मासिक, साल, अंक, पान. टोपणनावामागची खरी बाई कोण ते कळलं की ते खाली लाल शाईनं, आणि कसं कळलं तेही. 'संपादकाच्या उत्तरावरून.' 'पुढच्या अंकातल्या निधनवार्तेवरून.' 'पुतण्यानं तोंडी सांगितलं.' अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायच्या आणि दुसऱ्या हातानं पानं उलटायच्या. मी एकदा रागावलोदेखील, "मावशी, अंकावर तेल पडेल." तर म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत पडलं का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईनं एकोणीस वर्षं काढली.

कार्डं अकरा हजारांच्या वर गेली होती. त्यांच्या मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, आणि मावशी आपल्या कार्डंच लिहितायत. कुणी संशोधक आला की वरून चिठ्ठी यायची ती पुस्तकाच्या नावाची नसायची, 'मावशींना विचारा' एवढीच असायची.

असाच एक संशोधक आला. तिशीतला, सडपातळ, फार गोड बोलणारा. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. बायकांच्या जुन्या लेखनावर प्रबंध लिहीत होता. सूची बघून त्याचे डोळेच विस्फारले. महिनाभर रोज यायचा, मावशींसाठी कॅन्टीनमधून चहा घेऊन यायचा. मग म्हणाला, "मावशी, हे असं तळघरात पडून कसं चालेल? छापलं पाहिजे. तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं. पण त्यासाठी कार्डं उतरवून घ्यावी लागतील. एकेक खण घरी नेऊ का?"

मावशींनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "द्या की. छापून आलं तर चांगलंच आहे."

तो खण न्यायचा, दहा-बारा दिवसांनी परत आणायचा. दोन वर्षं हे चाललं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, नोकरी लागली, येणं कमी झालं. आणि एक दिवस टपालात सूची आली. जाडजूड, कापडी बांधणीची. मुखपृष्ठावर एकच नाव. मावशी प्रस्तावना वाचत होत्या तेव्हा मी समोर होतो. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'ग्रंथालयाच्या तळघरातील सेवकवर्गाने वेळोवेळी खंड उपलब्ध करून दिले, त्यांचाही मी ऋणी आहे.'

"सेवकवर्ग," मावशी म्हणाल्या. "म्हणजे मी आणि कोण?"

त्या चिडल्या नाहीत, निदान दिसल्या तरी नाहीत. मी म्हटलं, लेखी तक्रार करा. त्या म्हणाल्या, कार्डं आहेत की माझ्याकडे, माझ्या अक्षरातली. कुणी विचारलं तर दाखवीन. पण कुणी विचारलं नाही. पुढं नवे ग्रंथपाल आले, त्यांनी तळघराची साफसफाई काढली. मावशी मुलीच्या बाळंतपणाला रजेवर होत्या. परत आल्या तर दोन्ही कपाटं गेलेली. नवे ग्रंथपाल म्हणाले, "अहो मावशी, छापील सूची आहे ना आता! मग त्या रद्दीचं काय करायचं होतं?"

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही होतात ना वर? कपाटं नेताना दिसली असतील."

दिसली होती. मला वाटलं होतं, त्यांना विचारूनच नेत असतील.

तो संशोधक चढत चढत प्राध्यापक झाला, मग आमच्याच विद्यापीठात विभागप्रमुख होऊन आला. सूचीला पुरस्कार मिळाला. आणि मावशींच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असताना शैक्षणिक भेटीचं पत्र आलं. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, संख्या अडतीस, सोबत स्वतः विभागप्रमुख. तळघर खास बघायचं होतं.

ग्रंथपालांनी मावशींना बोलावून सांगितलं, "दिवे सगळे चालू ठेवा, जाळी-जळमटं काढा. आणि हे बघा, सर स्वतः माहिती देणार आहेत. तुम्ही फक्त मागतील तो खंड काढून द्या."

"बरं," मावशी म्हणाल्या.

भेटीच्या दिवशी तळघरात जागा कमी म्हणून मुलं मोजून सोडायची होती, त्यासाठी मी नोंदवही घेऊन खाली होतो. प्राध्यापक आता अंगानं भरले होते. मान वाकवून आत आले, मावशींना बघितलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "मावशी! ओळखलंत का मला?" आवाजात खरंच आनंद होता. मला वाटतं ते नाटक नव्हतं. आपण या बाईचं काही घेतलंय हे त्या माणसाच्या मनातच राहिलं नव्हतं.

"ओळखलं ना, सर," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी मुलांना सांगायला सुरुवात केली. "हे तळघर म्हणजे माझं दुसरं घर. सात वर्षं मी इथं बसून एकेक पान चाळलंय. तेव्हा पंखासुद्धा नव्हता. धुळीनं दमा जडला मला. संशोधन म्हणजे मोबाइलवर बोट फिरवणं नव्हे, काय?" मुलं हसली. मावशी रॅकला टेकून ऐकत होत्या. पंखा नव्हता हे खरं होतं. दमा मावशींना होता.

मुलांमध्ये एक मुलगी होती, चष्मेवाली, हातात सूचीची प्रत, त्यात रंगीत कागदाच्या खुणा. तिनं हात वर केला. "सर, माझा प्रकल्प 'उंबऱ्याआतली' या लेखिकेवर आहे."

हे एक टोपणनाव. या नावानं एका मासिकात आठ वर्षांत तेवीस लेख आले होते. तिखट, आणि मधेच हसवणारे. मावशींच्या फार आवडीची बाई ही.

"उत्तम विषय," प्राध्यापक म्हणाले.

"सूचीत लिहिलंय की ती एका नामांकित डॉक्टरांची पत्नी होती, 'खासगी माहितीवरून'. मी प्रकल्पात तेच मांडलंय, की सुखवस्तू घरातली बाई असून तिनं कष्टकरी बायकांबद्दल किती आपुलकीनं लिहिलं. पण सर, तिला चाकरी करणाऱ्या बाईच्या हातांना पडलेले घट्टे कसे माहीत असतील, हे मला कळत नाही. ही खासगी माहिती कुणी दिली होती?"

प्राध्यापक म्हणाले, "त्या घराण्यातल्या लोकांना मी भेटलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी. सहानुभूती हीच तर लेखकाची ताकद असते. तू तोच धागा पकड."

"ते चुकलंय," मावशी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण तळघरात सगळं ऐकू जातं. ग्रंथपालांनी डोळे वटारले. मावशींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं, त्या मुलीकडे बघत होत्या.

"डॉक्टरांचा पुतण्या इथं आला होता, त्यानं तसं सांगितलं. पण त्याला ऐकीव माहिती होती. थांब हं." त्या तिसऱ्या रॅकच्या टोकाला गेल्या, शिडी न घेता चवड्यांवर उभ्या राहून एक खंड काढला आणि चालत येता येता पान उघडलं. क्रमांक बघावाही लागला नाही. "वाच."

मुलीनं मोठ्यानं वाचलं. संपादकाचं चार ओळींचं टिपण होतं. आमच्या छापखान्यात पंधरा वर्षं छापलेल्या तावांना घड्या घालण्याचं काम करणाऱ्या बाई गेल्या आठवड्यात वारल्या. वाचकांना त्या 'उंबऱ्याआतली' या नावाने परिचित होत्या. त्यांच्याच इच्छेवरून हे आजवर गुप्त ठेवले होते.

मुलगी वाचून थांबली आणि परत पहिल्यापासून मनात वाचू लागली. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे ती स्वतःच्याच हातांबद्दल लिहीत होती," ती म्हणाली. मग एकदम, "पण मग सूचीत चूक कशी राहिली?"

"एवढ्या प्रचंड कामात एखादी गोष्ट निसटते," प्राध्यापक हसून म्हणाले. "म्हणून तर तुमच्यासारखे विद्यार्थी हवेत."

"चूक माझी होती," मावशी म्हणाल्या. "आधी मी पुतण्याचं खरं धरून कार्ड केलं. हे टिपण नंतर सापडलं. नवं कार्ड लिहिलं तोवर तो खण सरांच्या घरी गेला होता. मी सांगितलं होतं सरांना, जिन्यात. घाईत होते, विसरले असतील."

मागची मुलं 'काय झालं, काय झालं' करत माना उंचावत होती. मुलगी मावशींकडे, मग सरांकडे, मग हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिली. "तुमचं कार्ड?" ती म्हणाली. "सूचीची कार्डं तुम्ही केली होतीत?"

"हो. सगळी."

प्राध्यापकांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशींचे माझ्यावर फार उपकार आहेत, बरं का. खंड काढून देणं, कार्डं जागेवर लावणं... यांच्यासारखी माणसं आहेत म्हणून संशोधन होतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुठं वाजवायच्या ते त्यांना तेवढंच कळलं.

पण ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे वळली, कारण मी सर्वांत जवळ होतो आणि माझ्या हातात नोंदवही होती, म्हणजे मी खरं सांगणारा माणूस असं तिला वाटलं असावं. "काका, तुम्ही इथं जुने आहात ना? मावशींनीच केली होती कार्डं?"

त्या वर्षी माझी वरिष्ठ सहायकाची बढती समितीपुढे होती. समितीत तीन माणसं, त्यातले एक समोर उभे होते, दुसरे ग्रंथपाल. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. खोटं आहे ते. भरपूर वेळ होता. मावशी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, खंडाच्या कण्यावरची धूळ पुसत होत्या.

"मी वर काउंटरला असतो," मी म्हणालो. "तळघरातलं मला फारसं माहीत नाही."

मुलीनं मान हलवली. मावशींनी खंड बंद केला आणि जागेवर ठेवायला गेल्या. मग पायऱ्यांवर फोटो झाला. प्राध्यापक मावशींनाही बोलवत होते, "या ना, या!" पण त्या वर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी त्यांना बोलावलं. माझं काउंटर त्यांच्या दाराशेजारी, त्यामुळे सगळं ऐकू आलं. सर काही म्हणाले नाहीत, पण दुखावलेत. पाहुण्यांसमोर असं बोलणं नियमात बसत नाही. दोन महिने राहिलेत, निवृत्तीचे कागद माझ्याच सहीनं जायचेत, कशाला डाग लावून घेता? चार ओळींचं माफीपत्र द्या, विषय मिटला. मसुदा मी तयार ठेवलाय.

मावशी कागद घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मसुद्यात होतं की माझ्या अज्ञानामुळे व वयोमानानुसार विस्मरणामुळे मी चुकीची विधाने केली. त्यांनी आपल्या लेकीला फोन लावला. मुलगी पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मावशी 'हं... हं... अगं पण...' एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणते?"

"म्हणते, करून टाक सही. कुणाला दाखवायचंय तुला आता." त्यांनी मसुदा पुन्हा वाचला. "भाऊ, लाल पेन आहे?"

मी दिलं. मला वाटलं, आता त्या फुली मारणार. त्यांनी 'विस्मरणामूळे'मधला दीर्घ उकार ऱ्हस्व केला, 'विधाने'वरचा चुकीचा अनुस्वार काढला, मग निळं पेन घेऊन खाली सही केली आणि कागद आत देऊन आल्या. जाताना माझं लाल पेन काउंटरवर ठेवलं. दोन महिने मग त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलत होत्या. मुलं कशी आहेत, गुडघा कसा आहे. त्या बोलल्या नसत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती चष्मेवाली मुलगी एकदा एकटी आली होती. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. मलाच म्हणाली, "काका, मी भेटीच्या अहवालात मावशींबद्दल लिहिलं होतं. सरांनी ते पान काढायला लावलं. म्हणाले, अहवाल ग्रंथालयावर असतो, माणसांवर नाही." मग खाली बघून म्हणाली, "पुढं मला त्यांच्याच हाताखाली संशोधन करायचंय." तिच्या दुप्पट वयाचा मी, आणि मी काय केलं होतं?

मावशी निवृत्त झाल्या. मला बढती मिळाली. काउंटरवरून उठून खिडकीजवळच्या टेबलावर आलो, सभासदत्वाचे अर्ज आता माझ्याकडे असतात.

सहा-सात महिन्यांनी सूचीची दुसरी आवृत्ती निघाली. सुधारित. मी ती आल्याच दिवशी चाळली. 'उंबऱ्याआतली'च्या नोंदीत डॉक्टरांची पत्नी गेली होती आणि छापखान्यातली बाई आली होती. खाली तळटीप होती, 'ही महत्त्वाची दुरुस्ती माझ्या विद्यार्थिनीने निदर्शनास आणून दिली.' पुढं त्या मुलीचं नाव, आडनावासकट. प्रस्तावनेत सेवकवर्गाचा परिच्छेद जागा वाचवण्यासाठी असेल, पण गाळला होता.

त्याच महिन्यात एका दुपारी मावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वाळल्या होत्या. म्हणाल्या, "नवी आवृत्ती आलीय म्हणे."

मी ती उचलून दिली. त्यांनी प्रस्तावना उघडली नाही. थेट नोंद काढली, बोट ठेवून वाचली, तळटीपही वाचली. मग आणखी दोन-तीन ठिकाणी पानं उलटली.

"बरोबर केलंय," त्या म्हणाल्या. "पान क्रमांकही बरोबर घातलाय."

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"सभासद व्हायचंय मला," त्या म्हणाल्या. "घरी बसून वेळ जात नाही. एकोणीसशेच्या आधीची साप्ताहिकं माझी बघायची राहिलीत. अर्ज द्या."

मी अर्ज दिला. त्यांनी माझ्यासमोर बसून भरला. शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी'. शेवटी एक रकाना असतो, बाहेरच्या वाचकासाठी विद्यापीठाच्या एखाद्या विभागप्रमुखाची शिफारस. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे हवंच का?"

"नियम आहे," मी म्हणालो. "कुठलाही विभागप्रमुख चालतो. गणिताचे, भूगोलाचे..."

"ते मला ओळखतात का? कशावरून सही देतील?" मग अर्ज घेऊन उठल्या. खिडकीतून मला त्या समोरच्या इमारतीत जाताना दिसल्या, एका हातानं कठडा धरून. पाऊण तासानं परतल्या.

"लगेच भेटले," त्या म्हणाल्या. "चहा मागवला. म्हणाले, मावशी, तुमच्यासाठी काहीही."

शिफारशीखाली त्यांची मोठी, सुंदर सही होती. त्याच्या वर अर्जात एक ओळ असते, 'ग्रंथालय वापरण्याचा हेतू'. मावशींनी ती कोरी सोडली होती. प्राध्यापकांनी आपल्या शाईच्या पेनानं ती भरून दिली होती. 'विरंगुळा.'

मी तो शब्द वाचला. त्याही वाचून आल्या होत्या, मला कळलं. मी दुसरा कोरा अर्ज काढायला खण उघडला, पण दुसऱ्यावर पुन्हा सही लागली असती.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "आणखी काय लागतं?"

"दोन फोटो."

त्यांनी पिशवी उचलली आणि फोटो काढायला गेल्या.